तिकिटावर नाव आले आणि…

नाटक-सिनेमाचे तिकीट नेमके कोणाचे, हा प्रश्न आमच्या पिढीला कधी पडलाच नाही. ज्याच्या हातात, त्याचे. नोटेसारखे! तमाशाच्या कनातीचे किंवा तंबू टॉकीजचे तिकीट म्हणजे पातळ रंगीत कागदाचा चिटोरा. दारावरचा माणूस तो अर्धा फाडायचा की व्यवहार संपला. तालुक्याला नाटक लागले, तिकिटे आधी काढून ठेवली आणि ऐनवेळी घरात कोणी तापाने पडले, तर ते तिकीट शेजारच्या काकूंना जायचे. काकू पैसे द्यायच्या किंवा दुसऱ्या दिवशी वाटीभर काहीतरी पाठवायच्या. या देवघेवीत नाटक कंपनीला कोणी विचारत नसे, आणि कंपनीलाही त्याचे काही नसे.

अर्थात, कागद नोटेसारखा होता म्हणूनच त्याचा काळाबाजारही झाला. विजय आनंदांच्या 1960 सालच्या 'काला बाज़ार'चा नायक देव आनंद सिनेमाची तिकिटेच ब्लॅकने विकतो. त्यात 'मदर इंडिया'च्या खऱ्याखुऱ्या प्रीमियरची दृश्ये आहेत, ती मुंबईच्या लिबर्टीतली. पुढे 1995 च्या 'रंगीला'तला मुन्नाही तेच करतो. म्हणजे पस्तीस वर्षांत धंदा तोच राहिला, फक्त शर्ट बदलला.

या ब्लॅकचा हिशोब नीट पाहिला पाहिजे. थिएटरला मिळे तो छापील दर. मुंबई इलाख्यात 1923 पासून करमणूक कराचा कायदा होता (आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून तो आम्हाला लागू नव्हता). तो करही तिकिटाच्या दरावरच. वरचे जे काही, ते सगळे फुटपाथवरच्या माणसाच्या खिशात. तिकीट एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची ती किंमत होती. आजच्या भाषेत ट्रान्सफर फी म्हणा. फक्त तिची पावती मिळत नसे.

तिकिटाला नाव चिकटले ते रेल्वेत. 1989 च्या रेल्वे कायद्यात आरक्षित तिकीट ज्याच्या नावाचे त्यानेच वापरायचे असे आहे, आणि ते परस्पर दुसऱ्याला विकले तर शिक्षाही आहे. पण रेल्वेने खिडकी थोडी उघडी ठेवली. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्यापैकी कोणाच्या नावावर तिकीट करायचे असेल तर गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी लेखी अर्ज द्यायचा. तेही एकदाच. मेव्हणा चालत नाही, भाचा चालत नाही! हे नाते ठरवणारा अधिकारी मराठवाड्यातला नसावा, एवढे नक्की. शाळेच्या सहलीसाठी आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी वेगळी सोय आहे. प्रमुखाने अठ्ठेचाळीस तास आधी अर्ज केला तर एकूण नावांपैकी दहा टक्क्यांपर्यंत नावे बदलता येतात. सहलीच्या यादीतला पोरगा आदल्या आठवड्यात गोवराने पडतो हे रेल्वेला ठाऊक होते म्हणायचे.

मग मोबाइल आला आणि करमणुकीच्या तिकिटालाही नाव लागले. गेल्या साली माझ्या पुतणीच्या मुलीने पुण्यातल्या गाण्याच्या कार्यक्रमाचे तिकीट काढले होते. नेमकी तिच्या सासूबाईंची शस्त्रक्रिया त्याच तारखेला ठरली. तिकीट मैत्रिणीला द्यावे म्हटले तर ते फोनमध्येच अडकलेले. त्यावरचा चौकोनी कोड म्हणे सारखा बदलतो, त्याचा फोटो काढून पाठवला तरी दारावर चालत नाही. शेवटी नाव बदलायचे पैसे भरले. वर, खरेदीच्या वेळी भरलेले 'सुविधा शुल्क' होते ते वेगळेच. सुविधा कोणाची, असे तिने मला विचारले. मी मराठीचा शिक्षक, शब्दाचा अर्थ मलाच विचारणार!

तेव्हापासून हे प्रकरण समजून घ्यायचा नाद लागला. तीन निरनिराळ्या गोष्टी आपण एकाच नावाने ओळखतो. पहिले, खरेदीच्या वेळचे शुल्क. तिकीट पुढे कोणाकडेही गेले तरी ते सहसा परत येत नाही. दुसरे, नुसते नाव बदलण्याचे. काही ठिकाणी ते फुकट असते, काही ठिकाणी पैसे पडतात, आणि कित्येक ठिकाणी बदलच करू देत नाहीत. तिसरी, पुनर्विक्रीची दलाली. खरी मेख इथे आहे, कारण ती अनेकदा दोन्ही बाजूंकडून घेतात. समजा, तिकीट दोन हजारांचे आणि दलाली दोघांकडून दहा-दहा टक्के. घेणारा बावीसशे मोजतो, देणाऱ्याच्या हाती अठराशे पडतात. मधले चारशे कार्यक्रमाशी काडीचा संबंध नसलेल्याचे. फुटपाथवरचा माणूस निदान उन्हात उभा राहायचा.

नवी मुंबईत 'कोल्डप्ले' या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले, जानेवारी 2025 मध्ये. तिकीटविक्री सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाली आणि बघता बघता संपली. अडीच हजारांपासूनची तिकिटे दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांच्या घरात गेली. प्रकरण जनहित याचिकेने मुंबई उच्च न्यायालयात पोचले. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने ती निकाली काढली, कारण असा कायदा करणे हे विधिमंडळाचे काम. आयर्लंडने मात्र 2021 साली छापील किमतीपेक्षा जास्त दराने पुनर्विक्रीवर कायद्याने बंदी आणली आहे. न्यूयॉर्क राज्याने 2010 साली वेगळीच बाजू धरली. कागदाविना तिकीट विकायचे असेल तर दुसऱ्याला देता येईल असे तिकीटही ग्राहकापुढे ठेवा, असे कायद्यात घातले. एकाने घेणाऱ्याला वाचवले, दुसऱ्याने देणाऱ्याला. मला विचाराल तर दोन्ही हवेत. घेतल्या दरात देण्याची मोकळीक असावी, आणि त्याहून जास्त घेण्याला मनाई.

अमेरिकेतल्या भाचेमंडळींनी एवढे कळवावे: तुमच्या मराठी मंडळाच्या नाटकाला ऐनवेळी जायला जमले नाही, तर ते तिकीट शेजाऱ्याला सहज देता येते का? आणि त्याचे किती पडतात?