वाड्यातली शेरडं, तट्टू आणि कुत्री

माण, खटाव, फलटण, सांगोला या दुष्काळी पट्ट्यातले धनगर दिवाळी उरकली की वाडा हलवतात. काही कुटुंबांनी मिळून चालवलेला हा वाडा घाट उतरून कोकणात जातो, भात निघालेल्या खाचरांत मेंढरं बसवतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतो आणि पावसाच्या आत परततो. कारण तिथल्या पावसाळी चिखलात मेंढरांचे खूर सडतात. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध केला, तो याच मेंढपाळांच्या जगाचा माग घेत.

लांबून पाहणाऱ्याला मात्र फक्त मेंढरं दिसतात. खांडव्यात, म्हणजे कळपात, शेरडंही असतात, आणि ती उगाच पोसलेली नसतात. दख्खनी मेंढी दुधाला कमी. म्हणून चहाला, पोरांना आणि आई गेलेल्या कोकराला शेळीचं दूध. मेंढरं नव्या वाटेवर बिचकतात, शेळी धीट, ती पुढे होते. अडीनडीला बाजारात एखादं बोकड विकलं की हातात रोकड येते.

या शेळ्यांची जात सांगणं कठीण. काळी, बहुधा जुळी करडं देणारी उस्मानाबादी आणि दुधाला बरी असलेली संगमनेरी, या दोन्हींचं रक्त त्यांच्यात मिसळलेलं. वाडा जिल्हे ओलांडत जाणार, वाटेतल्या बाजारात जनावरं घेणार-विकणार. तिथे शुद्ध वंश कसा टिकावा? दूर चालणं, मिळेल तो पाला खाणं आणि दोन करडं जगवणं, एवढ्यावरच शेळीची पारख होई. ही निवड पिढ्यान्‌पिढ्या डोळसपणे झाली आहे, आणि पशुगणनेच्या रकान्यात ती दिसत नाही.

मुक्काम हलायच्या दिवशी पुरुष जनावरं घेऊन चरत चरत येतात, बायका बिऱ्हाड घेऊन पुढे जातात. तट्टाच्या पाठीवर आधी गोणपाट, मग भांडी, पीठ, घोंगड्या आणि वाघर, म्हणजे रात्री कळप कोंडायची जाळी. सगळ्यांत वर कोंबड्या आणि आदल्या रात्री जन्मलेलं, अजून चालता न येणारं कोकरू. दोर ढिला राहिला तर ओझं घाटात एका अंगाला कलंडतं, म्हणून बाई गुडघा टेकवून तो आवळते. मराठ्यांच्या फौजांबरोबर उत्तरेत गेलेली भीमथडीची, म्हणजे भीमेच्या काठची, तट्टं ती हीच. रात्र कुत्र्यांची. माळावरचा लांडगा वाघरीजवळ आला की आधी ती उठतात.

या व्यवस्थेवर पहिला मोठा घाव जंगल खात्याचा. १८७८च्या कायद्याने डोंगर राखीव होत गेले. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गरिबांच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नसल्याचं संतापाने लिहिलं आहे. पुढे शेळीवर जंगल खाल्ल्याचा ठपका बसला तो कायमचा. राज्य सरकारच्या आदर्शगाव योजनेच्या पंचसूत्रीतही कुऱ्हाडबंदीशेजारी चराईबंदी आली. गावाचा डोंगर हिरवा झाला हे खरंच, पण वाटसरू कळपाने जायचं कुठे, याचं उत्तर त्या सूत्रांत नव्हतं.

दरम्यान लोकरीला भाव उरला नाही, तसे अनेकांनी जतकडच्या थोराड माडग्याळ मेंढ्यांशी संकर करून मांसाकडे मोर्चा वळवला. शेळ्यांत फलटणच्या निंबकर संस्थेने आणलेल्या आफ्रिकी बोअर वंशाचं रक्त आलं. भीमथडी घोड्याची अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. नोंद झाली त्याच काळात अनेक वाड्यांनी महामार्गावरचा टप्पा टेम्पोने गाठायला सुरुवात केली होती.