हातवाऱ्याचा निरोप

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली नाही असा माणूस या सभेत विरळाच. जाळ्याची दोन टोके, दोन्हीकडे माणसांची रांग, आणि ओढ मात्र एक. एका टोकाने घाई केली व दुसऱ्याला ते कळले नाही, तर मासळी निसटते. नुकसान तेवढेच. परंतु अशी चुकामूक जेथे शेकडो प्राणांवर बेतते, अशा एका कामाचा इतिहास आज सांगावयाचा आहे. आपल्याच तालुक्यात परुळे-चिपी येथे २०२१ च्या ऑक्टोबरात विमानतळ सुरू झाला. तेव्हा हा विषय आता परका राहिलेला नाही.

विमान सुटल्यापासून उतरेपर्यंत एकाच नियंत्रकाच्या हाती नसते. धावपट्टीवर मनोऱ्यातला नियंत्रक ते पाहतो, वर चढले की दुसरा, पुढल्या टापूत तिसरा. प्रत्येक सीमेवर ते या हातातून त्या हातात द्यावे लागते. देणाऱ्याने सांगितले एवढ्याने भागत नाही. घेणाऱ्याने 'घेतले' असे उलट सांगावे लागते. गर्दीच्या वेळी नेमकी हीच पायरी गळते.

१० सप्टेंबर १९७६ रोजी युगोस्लाव्हियातील झाग्रेब येथे असेच झाले. तेथील आकाश उंचीप्रमाणे तीन थरांत वाटलेले होते आणि प्रत्येक थराला वेगळे नियंत्रक होते. स्प्लिट येथून निघालेले एक विमान मधल्या थरातून वरच्या थरात चढवावयाचे होते. वरच्या थराचा ग्रादिमिर तासिच त्या वेळी एकटाच होता. त्याच्या जोडीचा माणूस बदलीचा माणूस शोधण्यास बाहेर गेला होता. मधल्या थराच्या नियंत्रकाने शब्दाऐवजी हातवाऱ्यांनी विचारले, आणि संमती मिळाली असे समजून विमान वर सोडले. वर तेहतीस हजार फुटांवरून लंडनहून इस्तंबूलला जाणारे विमान येत होते. तासिचच्या ध्यानात संकट आले तेव्हा त्याने चढणाऱ्या विमानाला आहे त्या उंचीवर थांबण्यास सांगितले. दुर्दैवाने ते थांबले ते नेमके त्याच उंचीवर. दोन्ही विमानांतील १७६ माणसांपैकी एकही वाचला नाही.

पुढे खटला झाला. इतर सारे सुटले. एकट्या तासिचला सात वर्षांची शिक्षा झाली. मनुष्यबळ अपुरे होते, खुर्ची रिकामी होती, ही गोष्ट कोणाच्या शिक्षेत मोजली गेली नाही. देशोदेशींच्या नियंत्रकांनी विनंतीअर्ज केले, तेव्हा १९७८ साली तो सुटला.

आम्ही आयुष्य कामगारांत काढले. पाळी बदलताना अपघात का होतात हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. जाणारा थकलेला असतो, येणारा अजून कामात शिरलेला नसतो, आणि मधला निरोप कोणाचाच नसतो. चौकशी मात्र ज्याचा हात शेवटी यंत्रावर होता त्याच्यापाशी येऊन थांबते.

आपल्याकडेही हा धोका मोठ्या गर्दीत दिसला आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. आणि तरीही २०१८ साली तेथे एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली. त्याच विमानतळावर ९ फेब्रुवारी २००९ रोजी दिल्लीस निघालेल्या विमानाने वेग घेतला असता, राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या ताफ्यातील हवाई दलाचे हेलिकॉप्टर समोर धावपट्टीवर दिसले. वैमानिकाने करकचून ब्रेक लावला म्हणून अनर्थ टळला. तेथे निभावले ते एका माणसाच्या डोळ्यांमुळे, व्यवस्थेमुळे नव्हे.

यानंतर जगाचा विचार बदलला नाही असे मात्र नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगनजवळ दोन विमाने धडकून ७१ माणसे मेली. झुरिकच्या कक्षात एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता, दुसरा विश्रांतीस गेला होता, आणि मुख्य टेलिफोन दुरुस्तीसाठी बंद होता. शेजारच्या कार्लस्रूए केंद्राला संकट दिसत होते, पण फोन लागत नव्हता. दोन वर्षांनी आपले कुटुंब गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाचा खून केला. तथापि २००७ साली न्यायालयाने ज्यांना दोषी धरले ते त्या कंपनीचे चार व्यवस्थापकीय अधिकारी होते. झाग्रेबपासून तीस वर्षांत न्यायाची नजर खुर्चीवरील माणसाकडून खुर्ची रिकामी ठेवणाऱ्याकडे वळली, हे आम्हांस या इतिहासातील मोठे पाऊल वाटते.

याचा अर्थ नियंत्रकाने हयगय केली तरी चालेल असा नव्हे. उलट, निरोप तोंडी द्यावा, परत वदवून घ्यावा, ही शिस्त त्याने प्राणापलीकडे जपली पाहिजे. पण ती शिस्त पाळण्यास वेळ, विश्रांती आणि जोडीला दुसरा माणूस देणे हे मालकाचे कर्तव्य होय. रापणीच्या दोन्ही टोकांना पुरेशी माणसे असतील, तरच 'ओढा' म्हटल्यावर जाळे सरळ किनाऱ्याला येते.