महाळुंग्याचं मैदान आणि बायकांचा फुटबॉल

सगळे ज्याला ‘बालेवाडी स्टेडियम’ म्हणतात, त्याचा कागदोपत्री पत्ता महाळुंगे-बालेवाडी असा आहे. मुळशी तालुक्यातलं महाळुंगे २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं. श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. पुढे पुरुषांचा व्यावसायिक फुटबॉल आला. पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी हे तिन्ही क्लब या मैदानावर खेळले आणि २०१९ पर्यंत तिघांचाही खेळ आटोपला. शेवटच्याची जागा इंडियन सुपर लीगमध्ये हैदराबादने घेतली.

या तिसऱ्या क्लबाची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. देशातली पहिली इंडियन विमेन्स लीग २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाली. अंतिम फेरीत सहा संघ होते. सुपर लीगमधल्या आठ क्लबांपैकी फक्त एकाचा महिला संघ त्यात होता, तो पुण्याचा. पण पुण्याच्या मुली आपले सामने पुण्यात खेळल्याच नाहीत. सगळी लीग दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर, अडीच-तीन आठवड्यांत उरकली. विजेतेपद मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने नेलं. पुरुष संघाला महाळुंग्यात घरचं मैदान होतं, घरचा प्रेक्षक होता. त्याच नावाच्या महिला संघाला यातलं काही नव्हतं.

‘नव्या हंगामाची तयारी’ हे शब्द आपण सहज वापरतो. हंगामाला काही महिने लागतात. एक रविवार घरी, पुढचा परगावी. हरल्यावर सुधारायला आठवडा. भारतातल्या बायकांच्या वाट्याला मात्र हंगाम क्वचितच आला, आल्या त्या स्पर्धा. १९७५ साली भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तेव्हापासून ठरलेला क्रम म्हणजे राज्याचा संघ निवडायचा, थोडे दिवस शिबिर, एका शहरात पंधरवडा, की पांगापांग. एवढ्या तुटपुंज्या व्यवस्थेवर भारत १९८० साली कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत आणि पुन्हा १९८३ मध्ये उपविजेता ठरला. हे मला आजही थक्क करतं. त्या संघांबद्दल मराठीत किती लिहिलं गेलंय, हे शोधायला फार वेळ लागत नाही.

अडचण पैशांची होती हे खरं, पण मुळात ती मैदानाची होती. इंग्लंडचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९२० च्या बॉक्सिंग डेला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, केर लेडीज या प्रेस्टनच्या कारखान्यातल्या कामगार मुलींचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले होते. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल असोसिएशनने बंदी घातली. शब्द नीट पाहा. बायकांनी खेळू नये असा कायदा त्यांनी केला नाही, कारण तो अधिकारच त्यांना नव्हता. त्यांनी संलग्न क्लबांना सांगितलं की बायकांना मैदान देऊ नका. तेवढं पुरलं. ती बंदी उठायला जवळपास पन्नास वर्षं लागली. आपल्याकडे असा ठराव कुणी केला नाही. गरजही पडली नाही. संध्याकाळचं मैदान मुलांचं, हे गृहीतच होतं.

महाराष्ट्रातला आणखी एक प्रयत्न कोल्हापूरचा. तिथे पेठापेठांची तालीम मंडळं फुटबॉल खेळतात, शाहू स्टेडियमवर गर्दी लोटते. एफसी कोल्हापूर सिटीचा महिला संघ २०१९-२० च्या लीगमध्ये खेळला. सामने कुठे? बेंगळुरूत.

आणि मग २०२२. एएफसी महिला आशिया करंडकाच्या तीन मैदानांपैकी एक महाळुंग्याचं होतं. ३० जानेवारीला इथेच दक्षिण कोरियाने सॅम करच्या ऑस्ट्रेलियाला उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवलं. ८७व्या मिनिटाला जी सो-युनने लांबून मारलेला चेंडू थेट जाळ्यात. इतक्या उंचीचा सामना या मैदानाने क्वचितच पाहिला असेल. पण तो पाहिला मैदानानेच, कारण कोविडमुळे प्रेक्षकांना मज्जाव होता. चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या मुलीला तो टीव्हीवर बघावा लागला. यजमान भारताचं त्याआधीच आटोपलं होतं. २० जानेवारीला नवी मुंबईत इराणशी ०-० बरोबरी आणि २३ तारखेला चिनी तैपेईविरुद्ध लागण झाल्यामुळे किमान तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. अशालता देवीचा संघ एकच सामना खेळून स्पर्धेबाहेर पडला.

त्यानंतर मात्र एक बदल झाला, गाजावाजा न होता. २०२३-२४ मध्ये इंडियन विमेन्स लीग पहिल्यांदा घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळवली गेली. डिसेंबर ते मार्च, खराखुरा हंगाम. सरावाला आठवडे मिळाले, आपल्या गावात आपल्या लोकांपुढे खेळता आलं, प्रवासाचा शीण काय असतो तेही कळलं. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून भारत आशिया करंडकाला पात्र ठरला, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरीतून भारताने ही जागा पहिल्यांदाच मिळवली. याचं सगळं श्रेय लीगला देणं घाईचं होईल, पण वर्षभर पायात बूट असण्याचा फरक पडतोच.

त्या पहिल्या खऱ्या हंगामात सात क्लब होते. ओडिशाचे दोन, बाकीचे केरळ, कर्नाटक, तामिळनाडू, बंगाल आणि दिल्लीचे. महाराष्ट्राचा एकही नव्हता. पुढच्या वर्षी संघ आठ झाले, तेव्हाही नव्हता.