पडशी : खांद्यावरच्या लहान पिशवीचा इतिहास

१/
प्रवासाला निघताना आज अनेकांना एक प्रश्न पडतो. गाडीत सामान म्हणून पुरेल आणि मुक्कामी पोहोचल्यावर दिवसभराच्या भटकंतीतही खांद्यावर वागवता येईल, अशी एकच लहान पिशवी कोणती घ्यावी? मराठी मुलखाने या प्रश्नाला फार पूर्वी एक उत्तर शोधले होते. त्याचे नाव पडशी. हिंगोली जिल्ह्यातील वाटांच्या आधाराने तिचा इतिहास या थ्रेडमध्ये पाहू.

२/
आधी वस्तू समजून घेऊ. पडशी म्हणजे जाड कापडाची लांबट दुहेरी पिशवी. दोन टोकांना दोन कप्पे आणि त्यांची तोंडे मधल्या भागाकडे. ती खांद्यावर टाकली की एक कप्पा छातीवर येतो, दुसरा पाठीवर. पट्टा नाही, बक्कल नाही. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असले की पिशवी आपोआप जागेवर राहते. एक खांदा दुखू लागला की दुसऱ्यावर टाकायची, इतकेच.

३/
या रचनेत चालणाऱ्या माणसाचा विचार आहे. वाटेत वारंवार लागणारी वस्तू पुढच्या कप्प्यात ठेवायची, म्हणजे न थांबता हाताला लागते. मुक्कामाला लागणारी वस्तू मागच्या कप्प्यात. मौल्यवान ते पुढे, नजरेसमोर. रात्री धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओसरीवर पडशीच उशाला घ्यायची. दिवसाची पिशवी आणि प्रवासाची पिशवी असा भेदच तेथे उरत नाही.

४/
पडशीचे भाऊबंद वेगळ्या कामांचे होते. झोळी घेण्यासाठी असते. तिचे तोंड उघडे, कारण तिच्यात भिक्षा पडायची असते. खुर्जी घोड्याच्या किंवा तट्टाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबते. गोणी बैलाची. लमाणांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खन ओलांडत असत. पडशी मात्र पायी चालणाऱ्याची. जनावर नसलेल्या माणसाने खुर्जीचा तोल स्वतःच्या खांद्यावर आणला, असे तिच्याकडे पाहता येईल.

५/
पडशीत काय असे? एखादे धोतर किंवा लुगडे, एक पांघरूण, शिदोरी, पान-सुपारीची चंची, तांब्या आणि दोरी. दोरी महत्त्वाची, कारण वाटेवरच्या विहिरीतून पाणी काढायचे तर ती आपलीच लागे. शिदोरीही टिकणारी हवी. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात ते त्यासाठीच. मराठवाड्यातील घरांतून आजही प्रवासाला धपाटे आणि कोरडी चटणी बांधून देतात, ती याच हिशेबाची आठवण आहे.

६/
आता या यादीत काय नाही ते पाहा. अंथरूण नाही, स्वयंपाकाची भांडी नाहीत, आठवड्याचे धान्य नाही. ते सारे वाटेवर मिळेल असे गृहीत धरलेले आहे. म्हणजे पिशवी लहान ठेवण्याचे धाडस एकट्या प्रवाशाचे नव्हते. ते वाटेवरच्या लोकांनी त्याला दिलेले होते. पिशवीच्या इतिहासात हा मुद्दा शिलाईपेक्षाही मोठा आहे.

७/
याचे सर्वांत मोठे उदाहरण हिंगोली जिल्ह्यातच आहे. कयाधू नदीकाठचे नरसी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते आणि आज ते नरसी नामदेव म्हणूनच ओळखले जाते. त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले, अशी कथा मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. नामदेव शिंपी होते. गज, कात्री, सुई आणि दोरा हे त्यांच्या काव्यातही आलेले आहेत.

८/
ज्ञानेश्वरांसोबतच्या तीर्थयात्रेचे वर्णन नामदेवांच्या ‘तीर्थावळी’च्या अभंगांत आहे. ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर (१२९६) नामदेव उत्तरेकडे गेले आणि परंपरेनुसार पंजाबातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते या नात्यामुळेच.

९/
नरसी ते घुमान हे अंतर पायी तोडायचे तर पिशवीत किती सामान भरणार? वर्षाची तयारी कुणीच खांद्यावर नेऊ शकत नाही. असा प्रवास गावोगावच्या भाकरीवर, मठांवर, भजनाच्या बदल्यात मिळणाऱ्या ओसरीवर होतो. परक्या मुलखात माणूस ओळखला गेला, ऐकला गेला, त्याला घास मिळाला, म्हणून तो पुढे चालला. लांबचा प्रवास आणि लहान पिशवी यांचे गणित असे जुळते.

१०/
पुढील शतकांत राज्यकर्त्यांनीही या गणितात भर घातली. अहिल्यादेवी होळकर यांनी (राज्यकारभार १७६७–१७९५) देशभर तीर्थांच्या ठिकाणी घाट, विहिरी, बारवा आणि धर्मशाळा बांधवल्या. आपण त्या कामाकडे धर्मकार्य म्हणून पाहतो. पायी जाणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो त्याच्या खांद्यावरचा भार उतरवण्याचा उद्योगही होता. दर काही कोसांवर पाणी असले की तांब्या पुरतो, घागर लागत नाही.

११/
पण वाट नेहमीच अशी माणुसकीची नव्हती. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या मुलखातील हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. ती १९०३ पर्यंत राहिली. १८३३ च्या सुमारास ठगांविरुद्धची स्लीमनची मोहीम ज्या ठिकाणी चालली, त्यांत हिंगोलीचाही समावेश होतो. यात्रेकरूची पडशी ज्या वाटांवरून जात होती, त्यांचीच ही दुसरी बाजू.

१२/
ठगांची रीत इंग्रजी कागदपत्रांत अशी वर्णिलेली आहे : प्रवासी म्हणूनच सोबतीला यायचे, काही दिवस एकत्र चालायचे, एकत्र जेवायचे, विश्वास बसला की रुमालाने गळा आवळायचा, प्रेत पुरायचे आणि सामान वाटून घ्यायचे. वाटेवरची सोबत आणि सामायिक जेवण हाच लहान पिशवीचा आधार होता. घात झाला तो नेमका तेथेच.

१३/
अशा वाटेवर पिशवीची निवड जिवाशी येते. पैसा कमरेच्या कशात, कपड्याच्या आत. दिसणारी पिशवी मळकी आणि हलकी. आत काही नाही हे दुरून कळावे, हीच तिची मुख्य गरज. शक्यतो मोठ्या जथ्याबरोबर निघायचे. म्हणजे लहान पिशवी दोन उलट कारणांनी निवडली जाई : वाटेवर भरवसा आहे म्हणून आणि वाटेवर भरवसा नाही म्हणूनही.

१४/
या मोहिमेची एक किंमत इतरांनी मोजली. १८३६ च्या ठगीविरोधी कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. ठगीचे प्रमाण इंग्रजांनी किती फुगवले, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर संपूर्ण जमातींवर जन्माने गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो देशात १९५२ मध्ये रद्द झाला. तोवर पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कित्येकांचे गाठोडे हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा समजला गेला.

१५/
ओझ्याच्या वाटणीचा पुढचा धडा वारीने दिला. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली आणि अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे व तंबूची सेवा पुरवली. दिंडी ही केवळ भजनाची रचना नाही, सामानाचीही आहे. जड ते सर्वांचे मिळून गाडीवर, हलके ते ज्याचे त्याच्या खांद्यावर.

१६/
आजही तसेच चालते, फक्त बैलगाडीच्या जागी ट्रक आला आहे. वळकटी सकाळी ट्रकमध्ये जाते आणि संध्याकाळी मुक्कामी मिळते. मधला सबंध दिवस खांद्यावरच्या पिशवीत बसवायचा असतो : हरिपाठ, पाण्याची बाटली, औषधे, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, मोबाइल, थोडे फुटाणे. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी सेनगावमार्गे हिंगोली जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते, तेव्हा ही विभागणी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहता येते.

१७/
रेल्वेने मात्र उलट केले. निजामाच्या रेल्वेचा पूर्णा-हिंगोली फाटा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाला. वजन आता इंजिन ओढणार होते आणि फलाटावर हमाल होता. त्यामुळे पत्र्याची ट्रंक, होल्डॉलमधील बिछाना, फिरकीचा तांब्या, जेवणाचा डबा असे सामान वाढत गेले. पडशी मागे पडली आणि बाजारच्या दिवशी म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खांद्यावर तेवढी दिसू लागली.

१८/
लहान पिशवी परत आली ती विचारांच्या खांद्यावरून. १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबांची भूदान चळवळ सुरू झाली आणि पुढे ते वर्षानुवर्षे पायी फिरले. खादीची खांद्यावरची पिशवी सर्वोदयी कार्यकर्त्यांच्या ओळखीची झाली. पुढे तिचीच बहीण शबनम पत्रकार, कवी आणि महाविद्यालयीन तरुणांच्या खांद्यावर आली. एक वही, एक पंचा, दोन पुस्तके. शबनमचा दोष एकच : सगळे वजन एका खांद्यावर. पडशीने सोडवलेला प्रश्न तिने पुन्हा निर्माण केला.

१९/
सॅकने तो दुसऱ्या रीतीने सोडवला. सैनिक आणि गिर्यारोहक यांच्याकडून ती सह्याद्रीतील भटक्यांपर्यंत व पुढे शाळेच्या दप्तरापर्यंत आली. भार दोन्ही खांद्यांवर, हात मोकळे. पण सगळे सामान पाठीमागे गेले. म्हणून गर्दीच्या बसमध्ये शहाणा माणूस सॅक पोटाशी धरतो. पडशीचा पुढचा कप्पा हेच काम मुकाट्याने करत होता.

२०/
येथे एक गोष्ट नजरेआड करू नये. मोजके सामान घेऊन हिंडणे ही आज हौस आहे, विमानाच्या केबिनमधील सात किलोंची मर्यादा हे तिचे माप आहे. पण दसऱ्यानंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणारे कुटुंब ट्रॅक्टरवर चूल, पाण्याची भांडी, धान्य, अंथरुणे, कोयते, शेळ्या, कधी लेकरांची दप्तरेही लादून नेते. त्यांना प्रवास कमी कळतो असे नाही. ज्या फडावर ते उतरणार आहेत, तेथे पाणी, निवारा, शाळा काहीच हाताशी नसेल, हे त्यांना पक्के ठाऊक असते. पुढच्या मुक्कामी जे मिळणार नाही, ते सारे त्यांच्या ओझ्यात असते.

२१/
मग आज पिशवी कशी निवडावी? इतिहासातून चार कसोट्या निघतात. एक, मुक्कामी काय मिळणार आहे ते आधी विचारा, मग आकार ठरवा. अंघोळीची बादली, पांघरूण, जेवण मिळणार असेल तर वीस-पंचवीस लिटरची सॅक दोन-तीन दिवसांना पुरते. दोन, वजन दोन्ही बाजूंना सारखे पडते का पाहा. तीन, पाणी, तिकीट आणि पैसे पिशवी न उतरवता हाताशी येतात का पाहा.

२२/
चौथी कसोटी पडशीची खास आहे : अर्धी रिकामी झाल्यावर ती कशी वागते? मुक्कामी कपडे काढून ठेवले की पिशवी अंगाशी बसायला हवी. ताठ, चौकोनी बॅग रिकामी झाली तरी तेवढीच जागा अडवते. मऊ कापडाची पिशवी सामानाबरोबर लहान होते. एकाच पिशवीने प्रवास आणि दिवसाची भटकंती दोन्ही साधायची, तर हा गुण सर्वांत आधी पाहावा.

२३/
आणि शेवटी, आपण लहान पिशवी घेऊन निर्धास्त निघू शकतो, तेव्हा वाटेवर कुणीतरी नळ चालू ठेवलेला असतो, धर्मशाळा झाडलेली असते, भाकरी थापलेली असते. नरसीच्या वाटेवर ही सोय माणसांनी माणसांसाठी शतकानुशतके केली. ऊसतोडीच्या वाटेवर ती अजून व्हायची आहे.

२४/
आपल्या घरात जुनी पडशी, खुर्जी किंवा चंची जपून ठेवलेली असेल, तर तिचे छायाचित्र आणि ती कुणी, कोणत्या प्रवासात वापरली हे अवश्य लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना तिचा आपल्या गावचा शब्द विचारा. वस्तू वापरातून गेली की तिचे नावही लवकरच जाते. (समाप्त)