दोन रिंगा : ट्रकच्या तेलगळतीचा छोटा इतिहास

आमचे अण्णा ट्रक ड्रायव्हर होते. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत लायसन, पितळी बिल्ला आणि चिंधीत बांधलेल्या दोन रबरी रिंगा निघाल्या. एक चपटी होऊन लाकडासारखी कडक झालेली; दुसरी बरीच नवी, पण एका जागी फाटून बाहेर ओढली गेलेली. १९८१ साली खंबाटकी घाटात अण्णांच्या गाडीचे इंजिन जाम झाले, ते या रिंगांमुळे, असे ते शेवटपर्यंत सांगत. मालकाचे म्हणणे वेगळे होते : ड्रायव्हरने ऑईलच्या काट्याकडे लक्ष दिले नाही. इंजिनाच्या कामाचा खर्च दीड वर्ष पगारातून कापला गेला.

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. जुन्या बाजारातून गाड्यांची मॅन्युअल्स गोळा करून वाचण्याचा नाद मात्र तीस वर्षांचा आहे. त्या आधारावर अण्णांचे म्हणणे तपासून पाहावे असे ठरवले. ‘जुनी गाडी म्हटली की तेल गळणारच’ हे वाक्य गॅरेजात सर्रास ऐकू येते. ते खरे असेल तर रिंगांची कथा निकालात निघते. म्हणून सुरुवात फिल्टरपासूनच करावी लागली.

पहिल्या मोटारींना ऑईल फिल्टर नव्हताच. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी नग खपलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला तर तेलाचा पंपही नव्हता. फिरते फ्लायव्हील तेल उडवी आणि ते आपल्या वजनाने खाली वाहत बेअरिंगांना मिळे. तेल घाण झाले की काढून टाकायचे. पुढे १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल यांनी तेल गाळणारे यंत्र पुढे आणले. ‘प्युअर ऑईल लेटर’ हे तीन शब्द जोडून त्याचे नाव ‘प्युरोलेटर’ पडले. १९२४च्या क्रायस्लर मोटारीत फिल्टर आला.

हे सुरुवातीचे फिल्टर ‘बायपास’ जातीचे होते. पंपाने चढवलेल्या तेलातला सुमारे दहावा हिस्सा बारीक छिद्रातून फिल्टरकडे जाई आणि गाळून परत चेंबरमध्ये पडे. उरलेले तेल न गाळताच बेअरिंगांकडे. अशा फिल्टरची गळती हा मुख्यतः त्रासाचा विषय होता. छिद्रच बारीक, त्यामुळे तेल जाऊन जाऊन किती जाणार? ‘तेल गळणारच’ या वाक्याचा जन्म मला याच काळातला वाटतो, आणि त्या काळापुरते ते चुकीचे नव्हते.

डिझेलने हे चित्र बदलले. डिझेल जळताना काजळी होते. १९३०च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांत पिस्टनच्या रिंगा चिकटून बसू लागल्या, तेव्हा १९३५च्या सुमारास काजळी तेलातच तरंगत ठेवणारी ‘डिटर्जंट’ तेले आली. काजळी तेलाबरोबर फिरू लागली, म्हणून गाळणीही जास्त महत्त्वाची झाली. महायुद्धानंतर ‘फुल-फ्लो’ फिल्टर रूढ झाला. यात पंपातून निघालेले सगळे तेल आधी फिल्टरमधून जाते, मग बेअरिंगांकडे. गाळणी तुंबली तर तेल अडू नये म्हणून स्प्रिंगचा एक व्हॉल्व्ह असतो. पण भांड्याच्या तोंडाशी गळती झाली, तर तिथे कोणताही व्हॉल्व्ह मदतीला येत नाही.

आपल्याकडेही याच सुमारास मालवाहतूक पेट्रोलवरून डिझेलवर आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघत. टाटांनी १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. अण्णांची गाडी कोणत्या कंपनीची होती ते लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता.

त्या काळच्या कित्येक ट्रक इंजिनांवर फिल्टर असे तो असा : वर इंजिनाला जोडलेले ओतीव डोके, खाली पत्र्याचे भांडे, आत कागदी किंवा कापडी गाळणी आणि भांड्याच्या बुडातून वर जाणारा एक लांब बोल्ट. डोक्यात गोल खाच, खाचेत रबरी रिंग. भांड्याची कड त्या रिंगेवर दाबून बसते. फिल्टर बदलताना नवी रिंग मिळते, पण जुनी खाचेत चिकटलेली असते. काळ्या तेलात ती दिसत नाही, आणि मिस्त्री गाडीखाली उताणा पडलेला असतो. जुनी तशीच राहून तिच्यावर नवी बसली, की खाच आधीच भरलेली असल्यामुळे नवीला बाजूचा आधार उरत नाही.

आता हिशेब पाहा. भांड्याचा व्यास १० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ होते ७८ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ४ किलो असेल, तर भांड्याला खाली ढकलणारा जोर ३०० किलोंच्या वर जातो. गरम इंजिन नुसते घुरघुरत ठेवले तर दाब एखाद किलोवर येतो. गॅरेजात ‘बघा, थेंब नाही’ म्हणून दाखवतात ते याच अवस्थेत. घाट चढताना रेस वाढते, दाब वाढतो आणि बिनआधाराची रिंग एका जागी बाहेर फेकली जाते. मग पंपच चेंबर उपसून रस्त्यावर ओततो. काही मिनिटे पुरतात.

पेटीतली फाटकी रिंग नेमकी अशी फाटली आहे. बोल्ट ढिला राहिला असता तर रिंग सहसा फाटली नसती, नुसते तेल झिरपले असते. बोल्ट जास्त आवळला असता तर भांड्याची कड वाकली असती. घाटाखालच्या ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी खोलली, त्याने खाचेतून कडक रिंग उचकटून अण्णांच्या हातात दिली होती. मालकाने ती बघितलीही नाही.

काट्याचा मुद्दा तरीही राहतो, आणि तो मी टाळणार नाही. काटा पडलेला अण्णांनी पाहिला होता. तेव्हा बोगदा नव्हता. येणारी-जाणारी वाहतूक एकाच रस्त्यावर होती आणि भरलेली गाडी वळणावर होती. रुंद जागेपर्यंत त्यांनी ती ओढली. जागच्या जागी इंजिन बंद केले असते तर कदाचित क्रँक वाचला असता. मागच्या गाड्यांचे काय झाले असते, ते मला सांगता येत नाही. फिल्टर मात्र अण्णांनी बसवला नव्हता. चार दिवस आधी मालकाच्याच नेहमीच्या गॅरेजात तो बदलला होता.

१९५०च्या दशकापासून हाताने फिरवून बसवायचा डबा-फिल्टर आला. भांडे, गाळणी, रिंग सगळे एकातच. त्यामुळे हा रोग जाईल असे वाटले होते. पण जुन्या डब्याची रिंग इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहते आणि नवा डबा तिच्यावरच आवळला जातो. गेल्या वर्षी कराडच्या एका गॅरेजात तरुण मिस्त्री जुना डबा काढताच उलटा करून बघत होता. काय बघतोस, असे विचारले. ‘रिंग ह्याच्याबरोबर आली का ते, काका,’ तो म्हणाला आणि बोट फिरवून इंजिनाचे तोंडही चाचपू लागला.