दारू सोडण्याचा इतिहास

दारू पिण्याचा इतिहास आमच्या नावावर केव्हाच चढवून ठेवलाय. भिल्ल पितो, आमच्या वस्तीतला पितो, गिरणीतला पितो, म्हणून गरीब राहतो, असं सांगणारे पावलोपावली भेटतात. दारू सोडण्याचा इतिहास मात्र कुणी आमच्या नावावर लावत नाही. मी सूतगिरणीत पाळी करणारा. कॉलेजची पायरी चढलो नाही. पण वाचून, विचारून जे हाती लागलं ते मांडतो.

सुरुवात गुत्त्यापासून करू. मोहाची दारू सातपुड्यात घरीच गाळली जायची. सणाला, लग्नाला, मयताला. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. घरची भट्टी गुन्हा ठरली आणि ठेकेदाराचा गुत्ता कायदेशीर. म्हंजे पिणं थांबलं नाही, पिण्याला रोकडा लागू लागला. रोकडा नसला की उधारी. उधारीमागं सावकार, सावकारामागं गेलेली जमीन. सरकारच्या तिजोरीत अबकारीचा पैसा पडत राहिला आणि दारुडा ठरला तो भिल्ल!

मग १९३७ साल. तेव्हाचा पश्चिम खानदेश, पुढं धुळे जिल्हा, आणि १९९८ पासून नंदुरबार. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज, जातीनं भिल्ल. त्यांनी दर सोमवारी आरती सुरू केली. माणसं हजारांनी जमू लागली. दारू सोडा, अंघोळ करा, चोरी करू नका, आणि एकमेकांना 'आप' म्हणा. ज्याला जन्मभर 'अरे-तुरे'च ऐकायला मिळालं त्याला हा शब्द काय वाटला असेल? त्यावरूनच आप धर्म हे नाव पडलं. १९३८ साली महाराज वारले. भाऊ रामदास महाराजांनी काम पुढं नेलं.

इतिहासवाले याला भगतपंथ म्हणून मोकळे होतात. मला त्यात तीन गोष्टी दिसतात. ठरलेला वार, सोडणाऱ्यांची सोबत, आणि इज्जत. अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंही दारूनं पिचलेले, एकमेकांसमोर बसले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. तिचा जगभर गौरव होतो, तो योग्यच आहे. पण दोनच वर्षांनी सातपुड्याच्या पायथ्याशी उपाशी माणसांनी तसंच काही उभं केलं, त्याला आपण उपचार का म्हणत नाही?

दुसरी लाट शहाद्याची, १९७२-७३. दुष्काळ पडलेला. अंबरसिंग सुरतवंतींनी आधीच भिल्लांना जागं केलेलं, श्रमिक संघटना उभी राहिलेली. शिबिरात बाया बोलू लागल्या, आणि पहिलं बोलणं निघालं ते दारूचं न् माराचं. मग बाया जथ्यानं गुत्त्यावर गेल्या. मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत माफी मागायला लावली. सोमवारच्या आरतीनं पिणाऱ्याला हात दिला होता, या बायांनी गुत्त्यालाच हात घातला.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जुना पिणारा एकदम थांबला की हात थरथरतात, भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. तिथं डॉक्टरच पाहिजे, नुसती आरती पुरत नाही. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तशी ठिकाणं गरजेचीच आहेत. पण दवाखान्यातून माणूस परत येतो तो त्याच गल्लीत. माझ्या खात्यातला एक साथी तीनदा बरा होऊन आला. तिन्ही वेळा पगाराच्या रात्री पडला. त्या रात्री त्याच्याजवळ कोण होतं? गुत्तेवाला होता. आपण नव्हतो. घरोघर एवढंच म्हणत होतो, 'दारू सोडी दे रे भो.'

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही आहे. लाखोंनी ती एका दिवसात घेतली. पाळायची मात्र रोज असते, आणि एकट्यानं ती जड जाते. गुलाम महाराजांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी वार ठरवला.

दोस्तहो, आरती आपली नाही, नसू द्या. जळगाव-धुळ्यातल्या आपल्या वस्त्यांत विहार आहेत, समाजमंदिरं आहेत, संध्याकाळी बरीचशी कुलूपबंद असतात. पगाराच्या दिवशी तरी ती उघडू. चहा ठेवू. सोडलेला, सोडू पाहणारा आणि त्याची बायको, तिघांनाही 'या, बसा' म्हणू.