माझं पोस्टर, भाच्याची गाडी

परवा भाच्याने इलेक्ट्रिक गाडी बुक केली आणि लगेच मला ऐकवलं, "मामा, तुझी ती जग्वार हिच्यापुढे टिकत नाही." कॉलेजपासून माझ्या भिंतीवर जग्वार ई-टाइपचं पोस्टर आहे, त्यामुळे लागलंच. मग आकडे काढून बसलो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन वाचा.

ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात आली. गर्दी इतकी की फेरफटक्याला गाडी पुरेना, म्हणून टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्युइस दुसरी गाडी कोव्हेंट्रीहून रात्रभर चालवत घेऊन पोचला. ३.८ लिटर, सहा सिलिंडर, २६५ हॉर्सपॉवर, टॉप स्पीड ताशी १५० मैल म्हणजे २४० किलोमीटर. शून्य ते साठ मैल साधारण ७ सेकंदांत. आणि किंमत फेरारीपेक्षा कितीतरी कमी!

आता आपल्या चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६. मोठ्या बॅटरीच्या मॉडेलचा कंपनीचा दावा आहे शून्य ते शंभर ६.७ सेकंद. इथे एक गंमत आहे. साठ मैल म्हणजे जेमतेम ९६.५ किलोमीटर. म्हणजे जग्वारची शर्यत आधीच संपते, तरी ती मागे! शिवाय त्या काळी हॉर्सपॉवर मोजताना इंजिन गाडीबाहेर काढून, त्याच्यावरचं बरंचसं ओझं उतरवून चालवत. त्यामुळे २६५ पैकी बरेच घोडे कागदावरचेच. पत्रकारांना चालवायला दिलेली गाडीही खास तयार केलेली होती, गिऱ्हाइकाच्या गाडीला १५० मैल गाठणं जड जायचं. थोडक्यात, माझं पोस्टर जरा फुगवलेलंच निघालं. टॉप स्पीडला मात्र जग्वार अजून पुढे आहे, हे भाच्याला सांगून टाकलं.

पण खरा फरक सेकंदांत नाहीच. ते ७ सेकंद कमवावे लागत. चार गिअरचा हट्टी गिअरबॉक्स, जुन्या पद्धतीचे टायर, एबीएसचं नावही नाही. १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो तर आधी थांबायची आणि मग एकदम लाथ मारायची, तीही वळणात. अगदी १९९८ मध्ये ताशी ३८६ किलोमीटर गाठणाऱ्या मॅक्लारेन एफ-वनलासुद्धा एबीएस नव्हतं, ट्रॅक्शन कंट्रोल नव्हता. चालवणाऱ्याला येत नसेल तर गाडीच त्याला भीती घालायची. आज पाय दाबला की झालं, हात तयार असायची गरज नाही.

कायदा नेहमी मागून येतो. इंग्लंडचा एम-वन १९५९ ला खुला झाला तेव्हा त्यावर वेगमर्यादाच नव्हती. जून १९६४ मध्ये एसी कंपनीने ले मान्सच्या तयारीसाठी आपली कोब्रा कूपे पहाटे तिथेच पळवली, १८५ मैलांनी! पेपरवाल्यांनी गदारोळ केला. डिसेंबर १९६५ मध्ये ७० मैलांची तात्पुरती मर्यादा आली, १९६७ ला कायम झाली, ती आजही आहे. लोक श्रेय कोब्राला देतात, पण खरा धक्का १९६५ च्या धुक्यात एकमेकांवर आदळलेल्या गाड्यांचा होता.

आपल्याकडे एक्सप्रेसवेवर सपाटीला १०० ची मर्यादा आहे, कॅमेरे आहेत. पण ते मोजतात वेग. सिग्नल सुटल्यावर कोण किती सेकंदांत उसळला, हे कुणीच मोजत नाही. आणि जे लायसन्स ६०-६५ हॉर्सपॉवरच्या छोट्या गाडीला चालतं, तेच २८० च्या गाडीलाही चालतं. मोटारसायकलसाठी युरोपात ताकदीप्रमाणे लायसन्सचे टप्पे आहेत. चारचाकीचा असा विचार आपल्याकडे आरटीओत कुणी मांडल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

भाच्याचं लायसन्स ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या हॅचबॅकवर निघालंय. डिलिव्हरी पुढच्या महिन्यात. पहिला महिनाभर शेजारच्या सीटवर मी बसणार, असं बहिणीला कळवलंय. सुरुवात चाकणच्या चौकातून, संध्याकाळी सहाला. तिथे ६.७ सेकंदांत दहा फूट सरकलो तरी खूप. पोस्टर काढत नाहीये.